दुसरं मत

नाव वाचल्यावर जयंतीनं आधी चहाचा कप की-बोर्डपासून लांब, खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. मग ती परत खुर्चीत बसली आणि तिनं ते पुन्हा वाचलं. ओगले, प्रांजली. रायस्वाइक. जन्मसाल तिच्याहून बरंच अलीकडचं. खाली हेगकडच्या एका छोट्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टनं मोजकं लिहिलं होतं. गर्भाशयाच्या मुखावर लालसर गाठ, हात लागताच रक्त, पाळी अनियमित, हॉर्मोनच्या गोळ्या चालू नाहीत. आक्रमक कर्करोगाचा संशय आहे. मला खात्री वाटत नाही, आपलं मत हवं.

दुसरं मत देणं हेच जयंतीचं काम होतं. युट्रेख्टच्या या प्रयोगशाळेत बायकांच्या पोटातून काढलेले तुकडे रोज तिच्यासमोर येत, आणि लहान रुग्णालयांतून जे कोडं सुटायचं नाही ते तिच्याकडे पाठवलं जाई. पुण्यात एम. डी. केल्यावर इथं येऊन तिनं डच भाषा शिकून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं होतं, आणि आता तिनं एकदा सही केली की त्यावर सहसा कुणी वाद घालत नसे. तिच्या सहीवर गर्भाशयं काढली जात किंवा राहत. ओळखीच्या माणसाचं काही आलं तर ते दुसऱ्याकडे द्यायचं, हा नियमही तिनंच नव्या मुलांना कितीदा शिकवला होता. समोरच्याच खोलीत मार्लोस बसायची. दार उघडं होतं, मार्लोसचा निळा स्कार्फ दिसत होता. उठून चार पावलं जायचं आणि म्हणायचं, ही माझ्या नवऱ्याची बायको आहे, हे तू बघ. माझ्या पूर्वीच्या नवऱ्याची. डचमध्ये त्यालाही एक सुटसुटीत शब्द होता. जयंती उठली, तिनं आपल्याच खोलीचं दार लोटून घेतलं आणि संगणकाच्या पडद्यावर नमुन्याची पहिली काच, स्कॅन करून आलेली, उघडली.

ती उघडण्याआधी क्षणभर तिला प्रांजलीचा चेहरा दिसला, तोही वाऱ्यात लाल झालेला. प्रांजली तेव्हा पुण्याहून नवीनच आली होती, जयंतीच्या नवऱ्याच्या, शिरीषच्या कंपनीत. रायस्वाइकच्या त्यांच्या घरी ती पहिल्यांदा आली ती गणपतीत, आणि उकडीच्या मोदकांच्या कळ्या तिला जमेनात म्हणून सगळ्यांसमोर खळखळून हसली. जयंतीताई, मला सायकल पण येत नाही, इथं कसं व्हायचं हो माझं? मग जयंतीनंच तिला रविवारी सकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर सायकल शिकवली होती. सीट मागून धरून ती पळायची. प्रांजलीच्या पाठीवर हात ठेवायची, सरळ बघ, खाली नको बघूस म्हणायची. त्या पाठीचा तळव्याला लागलेला घाम तिला अजून आठवायचा, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा. घटस्फोटानंतर वर्षभरानं शिरीष म्हणाला होता, प्रांजली आणि मी एकत्र राहायचं ठरवलंय, तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगतोय. आधीपासून काही नव्हतं, असंही तो न विचारता म्हणाला होता. जयंतीनं विश्वास ठेवला होता. म्हणजे दिवसा ठेवला होता. पण नंतर कधी ट्रेनमध्ये, कधी दुकानात रांगेत उभी असताना ती मागच्या एकेका प्रसंगाची शिवण उसवून बघत बसे. त्या गणपतीत शिरीष स्वयंपाकघरात किती वेळा आला होता? प्रांजली हसली तेव्हा तो कुणाकडे बघत होता?

पडद्यावर गुलाबी आणि जांभळा रंग पसरला. हे सगळ्यांचं असंच असतं. राणीचं असो की भाजीवालीचं, रंग तेच. तरी जयंतीला वाटलं की आपण कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत न विचारता शिरलो आहोत. शिरीषचं शरीर जिथवर गेलं असेल तिथं, आणि त्याच्याही पलीकडे, जे त्याला कधीच दिसणार नाही ते ती बघत होती. तिनं भिंग वाढवलं. वरचा पापुद्रा पातळ झालेला होता, आणि त्याखाली मोठमोठ्या, फिकट गुलाबी, बहुकोनी पेशी फरशा बसवाव्यात तशा एकीला लागून एक, सगळ्या जागेत भरल्या होत्या. त्या तिथं असायला नको होत्या. कर्करोग, असं तिच्या डोळ्यांनी म्हटलं. आणि डोळ्यांच्या मागे कुठेतरी एक शब्द उमटला. बरं.

बरं झालं, असा पूर्ण नाही. नुसता बरं. कुणी निरोप आणल्यावर आपण म्हणतो तसा. तिनं खुर्ची मागे सरकवली आणि भिंतीला टेकून बसली. तिला वाटलं, हा आवाज मोठ्यानं आला असेल, मार्लोसला ऐकू गेला असेल. बाहेर कुणीतरी कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून वीकेंडच्या वाऱ्याबद्दल बोलत होतं. जयंतीनं डोळे मिटले तर मिटलेल्या डोळ्यांतही त्या पेशी होत्या, आणि त्यांच्यामागे तिनं नको नको म्हणत असतानाही एक रिकामं घर उभं राहिलं. रायस्वाइकचंच. शिरीष एकटा टेबलाशी बसलेला, दाढी वाढलेली, आणि दारात ती स्वतः, हातात डबा. डब्यात काय असेल हेसुद्धा तिला दिसलं. मुगाची खिचडी.

ती पुन्हा पडद्याकडे वळली ती स्वतःच्या भीतीनंच. आणि या वेळी तिनं बघितलं, म्हणजे इतकी वर्षं बघायला शिकली होती तसं बघितलं. कर्करोगाच्या पेशी एकमेकींसारख्या नसतात. त्यांना घाई असते. त्यांची केंद्रकं काळी, वेडीवाकडी, फुगलेली असतात, त्या दुभंगत असतात, भिंती मोडत असतात, त्यांच्यामध्ये मेलेल्यांचा कचरा साठलेला असतो. या पेशी शांत होत्या. केंद्रकं लहान, गोल, सगळ्यांची सारखी. कुणी दुभंगत नव्हतं. वरचा पापुद्रा पातळ होता, पण कुठंही फाटलेला नव्हता. या पेशी काही फोडून आल्या नव्हत्या. त्या जागच्या जागी फुगल्या होत्या, जेवण झाल्यावर अंगावर ऊन घेत बसलेल्या बायकांसारख्या. आणि जयंतीला कळलं.

डेसिड्युआ. गर्भ राहिला की गर्भाशय आतून त्याच्यासाठी जी गादी अंथरतं, ती. क्वचित एखादीला ती गर्भाशयातच न थांबता मुखापर्यंत उतरते, गाठ होऊन बसते, रक्त येतं, आणि ते रक्त पाळीचंच वाटतं. बघणाऱ्याला ती कर्करोगासारखी दिसते. पाठ्यपुस्तकात दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी असतात. हॉर्मोनच्या गोळ्यांनीही तसं होतं, पण गोळ्या नाहीत असं लिहिलं होतं. म्हणजे प्रांजलीला दिवस गेले होते. हे प्रांजलीला माहीत नव्हतं, तिच्या डॉक्टरला माहीत नव्हतं. शिरीषला माहीत नव्हतं. सगळ्या जगात ते फक्त जयंतीला माहीत होतं.

मघाचा तो शब्द आता परत आला नाही. त्याच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं. कर्करोग असता तर तिला दया तरी करता आली असती. दया करायला ती तयार होती, डबा घेऊन दारात उभीसुद्धा राहिली होती. पण ही गादी. ही गादी तिच्याही अंगात, मूल व्हावं म्हणून, तीन वेळा अंथरली गेली होती, इंजेक्शनं टोचून, गोळ्या ठेवून, तारखा बघून. शिरीष दंडावर बर्फ फिरवायचा, मग सुई टोचायचा, आणि कापूस दाबून धरताना मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटे, जगात अजून काहीतरी नेहमीसारखं चाललंय म्हणून. प्रत्येक वेळी गादी अंथरली जायची, पाहुणा यायचा, चार दिवस थांबायचा आणि निघून जायचा. शेवटच्या वेळी क्लिनिकमधून परत येताना पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता तो बसून राहिला होता. तेव्हा ती एकाच वाक्याची वाट बघत होती. मूल नको, काही नको, तू आहेस ना. एवढंच. ते ऐकलं असतं तर ती तिथंच सगळं सोडून द्यायला तयार होती. तो बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मग म्हणाला, अजून एकदा बघू या का? आणि नंतर कधीतरी, आता मला झेपत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये ते तिसरं वाक्य कुठंतरी राहून गेलं होतं, आणि जयंतीनं ते पुढं कितीतरी वर्षं शोधलं होतं.

खात्रीसाठी एक रंग लावून बघावा लागणार होता. केराटिनचा. कर्करोगाच्या पेशी असल्या तर त्या तपकिरी होतात, डेसिड्युआ कोरी राहते. जयंतीनं त्याची मागणी टाकली. उत्तर उद्या सकाळी. तिला त्याची गरज नव्हती, आणि तिला गरज नाही हे तिला नीट ठाऊक होतं. पाठवणाऱ्या डॉक्टरला आत्ता एक फोन केला असता तरी चाललं असतं. कच्चं मत म्हणून, गर्भ राहिलाय का ते आधी तपासा म्हणून. अशा वेळी ती नेहमी फोन करायची. बाईला एक रात्र कमी रडावं लागतं, असं ती नव्या मुलांना सांगायची. तिनं फोन उचलला, नंबर बघितला, आणि खाली ठेवला.

दुपारी ती जेवायला बाहेर गेली नाही. मोबाइल वाजला तेव्हा पडद्यावर शिरीषचं नाव बघून तिला वाटलं, आपण त्याच्या बायकोच्या अंगात डोकावलो हे याला कळलंच. ती डबा झाकून कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्यापाशी गेली.

"जयंती, बोलू शकतेस का दोन मिनिटं?"

"बोल."

"मला कळत नाहीये तुला फोन करणं बरोबर आहे की नाही. पण दुसऱ्या कुणाला विचारू?" त्याचा आवाज जड होता, सर्दी झाल्यासारखा. "प्रांजलीची बायॉप्सी झाली. गर्भाशयाच्या तोंडाशी काहीतरी आहे. ते म्हणतात कॅन्सर असू शकतो. नमुना युट्रेख्टला पाठवलाय. तुझ्याकडेच, नाही का?"

"माझ्याकडे आला तरी मला सांगता येत नाही, शिरीष. तुला माहितेय."

"माहितेय. सांग असं म्हणतच नाहीये. फक्त..." मग तिला एक आवाज ऐकू आला आणि तो कसला आहे हे समजायला तिला वेळ लागला, कारण संसाराच्या इतक्या वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता. शिरीष रडत होता. "कुणाकडेही गेला असेल तर नीट बघायला सांग. एवढंच. ती काही खात नाहीये. खाल्लं की उलटी. आठवडा झाला. भीतीनंच. आमचा घरचा डॉक्टर म्हणतो स्ट्रेस आहे, पॅरासिटामॉल घ्या."

जिन्याच्या काचेतून खाली सायकलींचा तळ दिसत होता. वाऱ्यानं एक अख्खी रांग आडवी केली होती आणि एक विद्यार्थिनी त्यातून आपली ओढून काढत होती. जयंती तिच्याकडे बघत राहिली. उलटी भीतीची नाही रे, वेड्या. कोपऱ्यावरच्या दुकानात जा, पाच युरोत कळेल. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. तिला कायद्यानं बोलता येत नव्हतं हे खरं, पण नुसतं "एकदा टेस्ट करून बघा" म्हणायला कुठला कायदा आडवा आला असता? कुणीही मैत्रीण म्हणाली असती. पण तो रडत होता. तिच्या तिन्ही वेळच्या रक्तावर, पार्किंगमध्ये, ती घर सोडताना जो रडला नव्हता तो आज रडत होता, आणि त्याला ते थांबवायचंही सुचत नव्हतं.

"उद्या कळेल," ती म्हणाली. "उद्यापर्यंत थांबा."

"उद्या?"

"असं साधारण उद्या येतं. मी जनरल सांगतेय."

"थँक्स, जया," तो म्हणाला. हे नाव त्याच्या तोंडातून चुकून निघालं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं लगेच फोन ठेवला.

घरी जाताना समोरून वारा होता आणि ती सायकल ढकलत चालली. राग कुणाचा आहे हे तिला नीट उमगत नव्हतं. प्रांजलीचा म्हणावा तर डोळ्यांसमोर यायची ती वारा लागून लाल झालेली, सायकलवर किंचाळणारी मुलगी. शिरीषचा म्हणावा तर तो आवाज. आणि अजून दिसण्याएवढंही मोठं न झालेलं, ज्याच्यासाठी अंथरलेली गादी आज आपण सहस्रपट मोठी करून बघितली, त्याचा? त्याचा राग करणारी बाई आपण आहोत? आल्बर्ट हाइनमध्ये ती दूध घ्यायला शिरली आणि गर्भचाचणीच्या पट्ट्यांच्या कपाटापाशी उभी राहिली. पूर्वी तिच्या बाथरूममध्ये त्यांचा ढीग असायचा. तिथूनही तिला फोन करता आला असता. रायस्वाइकमध्ये आत्ता दोन माणसं भिंतीकडे बघत बसली असतील, आणि एका वाक्यानं ती हसू लागली असती. म्हणूनच तिनं केला नाही. एक रात्र. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून आपण काय मागितलं? एक रात्र त्यांनीही बसावं, असं ती स्वतःला म्हणाली, आणि दूध न घेताच बाहेर आली.

सकाळी केराटिनची काच आली. वरचा पापुद्रा तपकिरी, आणि त्याखाली त्या मोठ्या पेशी कोऱ्या, एकही रंगलेली नाही. जयंती उठली आणि मार्लोसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"एक नमुना तुला द्यायचाय. मी बघायला नको होता. बाई माझ्या पूर्वीच्या नवऱ्याची बायको आहे."

मार्लोसनं चष्मा काढला. "कधी आला?"

"काल सकाळी."

"आणि तू आज आणतेस?"

"हो."

मार्लोसनं दोन्ही काचा उघडल्या, मिनिटभर बघितल्या. "डेसिड्युआ आहे ही. छान आहे. गरोदर आहे का ती?"

"तिला माहीत नाही."

"मग काल फोन करायचास," मार्लोस म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नाही, सहज म्हटलं, आणि तेवढ्यात फोन उचललाही. जयंती तिथंच उभी होती. डचमध्ये मार्लोस हेगच्या डॉक्टरला सांगत होती, कर्करोग नाही, नक्की नाही, लघवी तपासा, आणि हो, आजच बाईला कळवा, दुपारी नको, आत्ता. मग फोन ठेवून ती जयंतीला म्हणाली, "घरी जाणार आहेस?"

"नाही. काम आहे."

"बरं. हे मी विभागप्रमुखांना सांगणार आहे. मला सांगावं लागेल."

"सांग," जयंती म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच नवल वाटलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा शिरीषचा फोन आला. या वेळी आवाज मोकळा होता, इतका मोकळा की तिनं मोबाइल कानापासून जरा लांब धरला.

"नाहीये, जयंती! कॅन्सर नाहीये. बिनाइन आहे."

"छान झालं."

"काल काय रात्र गेली सांगू तुला. आम्ही झोपलोच नाही. ती सारखी म्हणत होती, गर्भाशय काढतील, मूल होणार नाही, तू दुसरी बघ. मी तिला म्हटलं, अगं, मूल नको, काही नको मला, तू आहेस ना, बास. पहाटेपर्यंत हेच म्हणत होतो." तो हसला. "माणसाला कळतच नाही ना, असं काही अंगावर आल्याशिवाय."

जयंती अजून कोट काढायची होती. एक हात बाहीत अडकलेला तसाच राहिला. ती रात्र तिनं दिली होती. मुद्दाम, हातात घेऊन, दार लोटून दिली होती. आणि त्या रात्रीच्या पोटातून ते वाक्य निघालं होतं आणि प्रांजलीच्या पदरात पडलं होतं, पहाटेपर्यंत, पुन्हा पुन्हा.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. मग डॉक्टर काय म्हणाले, गाठ कसली?"

"अं, काही नाही. हॉर्मोनचं काहीतरी. आपोआप जाईल म्हणे." तो घाईघाईनं बोलला, आणि त्या घाईत तिला तो पूर्ण दिसला. घरात आनंदानं येरझारा घालणारा, आणि तिच्यापासून ती एकच गोष्ट मागे लपवून उभा राहिलेला. तिला दुखू नये म्हणून. तो तिला जपत होता. ते तिला सोसवेना.

"शिरीष, प्रांजलीला दे जरा फोन."

"कशाला? म्हणजे, ती पडलीये."

"दे."

खुसपुस झाली. मग प्रांजलीचा आवाज आला, बारीक, घसा बसलेला. "जयंतीताई?"

"फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंस का?"

पलीकडे एक लांब श्वास. "नाही. आजच कळलंय. उद्या..."

"उद्या नको, आजच आण. दुकान उघडं आहे अजून. आणि सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी खायचं, मग उठायचं. उलटी थांबेल थोडी."

"हो." मग अगदी हळू, तोंडाशी हात धरल्यासारखं, "तुम्हीच बघितलं ना ते?"

"हो."

"कधी?"

जयंती बाहीत अडकलेला हात ओढत राहिली. प्रांजलीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिला कळलं असावं किंवा नसावं. थोड्या वेळानं ती रडायला लागली, पण ते रडणं जयंतीसाठी नव्हतं, ते कशासाठीही नव्हतं. फोन कुठंतरी उशीवर ठेवला गेला, मऊ आवाज झाला. शिरीष लांबून म्हणाला, काय म्हणाली गं? मग भांड्याचा आवाज, चमचा, त्याची पावलं. थोडं तरी खा, तो म्हणत होता, दोन घास, बघ, मऊ केलाय भात. नको रे. एकच घास. आता तुझ्या एकटीसाठी नाहीये ते. आणि प्रांजली रडता रडता हसली.

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. जयंती अर्धा कोट अंगात घेऊन दाराशी उभी होती. तिनं मोबाइल कानाशी आणखी घट्ट धरला, श्वास रोखला, आणि ऐकत राहिली.